इंजिन बांधून घेतलं आणि पुन्हा गेलं: दुसऱ्या खर्चाआधी काय तपासायचं

गाडी चालता चालता बंद पडली, गॅरेजने इंजिन उतरवलं, लाखाच्या आसपास बिल झालं, गाडी घरी आली. मग चार-सहा महिन्यांत, कधी चार-सहा दिवसांतच, पुन्हा तोच खडखडाट किंवा पुन्हा तापमानाचा काटा लाल रेषेवर. गॅरेजवाला म्हणतो, "साहेब, तुम्ही गाडी ताणली." मालक म्हणतो, "यांनी डुप्लिकेट माल घातला." बहुतेक वेळा दोघंही चुकीचे असतात.

मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात मशिन शॉपमध्ये काम करतो. आमच्याकडे गाड्या येत नाहीत, सुटे भाग येतात: हेड (सिलिंडरांवरचं झाकण), क्रँक (इंजिनाचा फिरणारा मुख्य दांडा), ब्लॉक (सिलिंडर असलेला सांगाडा), कनेक्टिंग रॉड (पिस्टन आणि क्रँक जोडणारा दांडा). गॅरेजवाले रिक्षात टाकून आणतात. आम्ही प्लेन (घासून सपाट) करतो, बोअर (सिलिंडर कोरून मोठा) करतो, ग्राइंड (क्रँक घासून गुळगुळीत) करतो, परत देतो. काम झालेल्या हेडच्या कोपऱ्यात आमचा पंच (ठोकून उमटवलेला ठसा) मारलेला असतो. तोच पंच असलेलं हेड वर्षाच्या आत परत टेबलावर आलं की समजायचं, मागच्या वेळी मोडलेला भाग दुरुस्त झाला, पण तो मोडला कशामुळे हे कोणी शोधलं नाही. जॉब कार्डवर काय काय मोडलं याची यादी असते. कशामुळे, असा रकानाच नसतो.

म्हणून इंजिन पहिल्यांदा गेलेलं असो की दुसऱ्यांदा, एस्टिमेटला हो म्हणण्याआधी त्या रिकाम्या रकान्यात काय लिहायचं ते ठरवून घ्या.

आधी कारण कोणतं ते ठरवा

अचानक इंजिन जाण्याची कारणं मोजकी असतात: ऑइल पोचलं नाही, इंजिन तापलं, पाणी आत गेलं, नाहीतर टायमिंग (क्रँकच्या तालात व्हॉल्व्ह चालवणारा बेल्ट किंवा चेन) तुटलं. डिझेल गाडीत गळक्या इंजेक्टरने पिस्टनला भोक पडणं हा आणखी एक प्रकार, पण तो त्यामानाने कमी. प्रत्येक कारण आपली खूण मागे ठेवतं आणि ती खूण इंजिन उघडल्यावर पहिल्या तासातच दिसते. नंतर पोरगा सगळे भाग डिझेलच्या ट्रेमध्ये घासून धुतो आणि पुरावाही धुतला जातो.

तेव्हा गॅरेजला एवढंच सांगा: "उघडताना मला बोलवा, आणि मी येईपर्यंत काही धुऊ नका." जमत नसेल तर न धुतलेल्या भागांचे फोटो मागा. चांगल्या मेकॅनिकला याचा राग येत नाही. ज्याला येतो त्याच्याकडे इंजिन उघडायलाच देऊ नका, असं माझं मत आहे.

आणि गाडी बंद पडली त्या वेळी काय झालं ते आठवत असतानाच लिहून ठेवा. आधी दिवा कोणता लागला? दिवा लागल्यावर गाडी किती वेळ चालली? आवाज आधी आला की ताकद आधी गेली? नंतर सेल्फ मारला तेव्हा इंजिन फिरलं, अडकलं, की नेहमीपेक्षा हलकं आणि भरभर फिरलं? हलकं फिरत असेल तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) नाही, म्हणजे टायमिंग किंवा व्हॉल्व्ह. ठक्क करून जागीच अडकत असेल तर सिलिंडरमध्ये पाणी किंवा जाम झालेली क्रँक. इथे पुन्हा पुन्हा सेल्फ मारू नका. सरळ टोचन करून न्या.

बेअरिंग पुन्हा का जातात

दुसऱ्यांदा येणाऱ्या कामांत मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते याचं, कारण खर्च इथेच जास्त होतो आणि कारण बहुधा किरकोळ निघतं.

क्रँक आणि कनेक्टिंग रॉड यांच्यामध्ये बेअरिंगच्या दोन अर्धगोल पत्र्या असतात, स्टीलवर मऊ धातूचा थर दिलेल्या. क्रँक आणि पत्रीमधली जागा साधारण ०.०३ ते ०.०६ मिलिमीटर. त्या जागेत दाबाखाली ऑइल असतं आणि क्रँक त्या ऑइलवर फिरते, धातूवर नाही. ऑइल तुटलं की मऊ थर काही सेकंदांत वितळायला लागतो. ॲक्सिलरेटर दाबल्यावर वाढणारा तो खालचा खट-खट आवाज म्हणजे हेच.

इंजिन उघडल्यावर बेअरिंगच्या सगळ्या जोड्या सिलिंडरच्या क्रमाने टेबलावर मांडायला सांगा. मग बघा. सगळ्या जोड्या सारख्याच काळ्या-निळ्या पडल्या असतील तर ऑइलचा दाब सगळीकडेच पडला होता: ऑइल कमी होतं, पंप गेला होता किंवा चेंबरमधली (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीतली) ऑइल गाळणारी जाळी तुंबली होती. एकच जोडी गेली आणि बाकीच्या चांगल्या असतील तर दोष त्या एका ठिकाणचा, म्हणजे क्रँकमधलं त्या जागेचं ऑइलचं भोक बंद, किंवा त्या रॉडची कॅप चुकीची बसलेली. पत्रीवर गोल ओरखडे असतील तर ऑइलमधून कचरा फिरला. घासलेला पट्टा तिरका, एका कडेला जास्त असेल तर रॉड वाकलेला आहे. ही चार वाक्यं गॅरेजवाल्याला न विचारता तुम्ही स्वतः पडताळू शकता. चष्मा न्या फक्त.

आता पुन्हा जाण्याचं मुख्य कारण. पहिल्या वेळी बेअरिंग घासलं तेव्हा त्याचा भुगा ऑइलबरोबर सगळ्या इंजिनभर फिरला. तो ऑइल पंपात जातो, क्रँकच्या आतल्या तिरक्या भोकांत जातो, टर्बोच्या बारीक नळीत जातो, पिस्टनवर खालून ऑइल मारणाऱ्या जेटमध्ये जातो. आणि ऑइल कूलरमध्ये जाऊन बसतो, जिथून तो कितीही धुतलं तरी पूर्ण निघत नाही. नवीन बेअरिंग, पॉलिश केलेली क्रँक, नवं ऑइल, नवा फिल्टर घालून जुना कूलर तसाच लावला की पहिल्या गरम फेरीत आतला भुगा सुटतो. हा भाग एस्टिमेट कमी दिसावं म्हणून गाळला जातो. मालकानेच "एवढ्यात बसवा" म्हटलेलं असतं, आणि मग वाचतात पाच-सात हजार, जातात सत्तर-ऐंशी.

क्रँकच्या आतली भोकं साफ न राहणं ही फक्त छोट्या शेडमधली गोष्ट आहे असं समजू नका. २०१५ साली अमेरिकेत ह्युंदाईने २०११ आणि २०१२ च्या सुमारे ४ लाख ७० हजार सोनाटा परत बोलावल्या, त्या नेमक्या याच कारणासाठी: कारखान्यात क्रँकचं मशिनिंग करताना निघालेला धातूचा भुगा ऑइलच्या वाटेत राहून गेला होता आणि बेअरिंग जात होते. क्रँक ग्राइंड करून आली की प्रत्येक भोकातून ब्रश फिरवून, हवा मारून बघणं हे गॅरेजचंही काम आहे आणि आमचंही. आम्ही करून देतो, तरी बसवणाऱ्याने पुन्हा करावं. वाटेत रिक्षात धूळ बसतेच.

दुसरा चोर म्हणजे सिलिकॉन. चेंबर बसवताना पॅकिंगच्या जागी नळीतलं सिलिकॉन लावतात. ते जपून, बारीक ओळीत लावायचं असतं. सढळ हाताने लावलं की आतल्या बाजूला त्याची सुरळी होते, तुटते आणि थेट जाळीवर जाऊन चिकटते. जाळीचा निम्मा भाग झाकलेला, बाकी इंजिन झकपक, अशा जाळ्या मी पाहिल्या आहेत. चेंबर उतरवल्यावर जाळीचा फोटो मागायचाच.

तिसरं, चेंबरला बसलेला ठोका. गावाकडच्या उंच स्पीडब्रेकरवर चेंबर फुटला तर ऑइल सांडतं, ते लगेच दिसतं. फुटला नाही, नुसता आत दबला, तर जाळी आणि चेंबरचा तळ यांच्यातली जागा कमी होते आणि वेगात ऑइल पुरेसं खेचलं जात नाही. थेंबभरही गळती नसते, म्हणून कोणी बघत नाही. गाडी रॅम्पवर घेऊन खालून एक नजर टाका.

बीएस ६ डिझेल गाडी फक्त शहरात फिरत असेल तर आणखी एक पाहा. धुराच्या फिल्टरमधली काजळी जाळताना जादा डिझेल फवारलं जातं आणि ते काम अर्धवट राहत गेलं की डिझेल सिलिंडरमधून खाली ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल कमी होण्याऐवजी वाढलेलं दिसतं. लोक खूश होतात. ते ऑइल पातळ झालेलं असतं आणि बेअरिंगला पुरत नाही. डिपस्टिक कमाल खुणेच्या वर आणि ऑइलला डिझेलचा वास, असं असेल तर किलोमीटर न मोजता ऑइल बदला.

फोर्ड इकोस्पोर्टचं १.० इकोबूस्ट पेट्रोल इंजिन ज्यांच्याकडे आहे त्यांनी वेगळं लक्ष ठेवावं. त्यात बेल्ट ऑइलमध्येच फिरतो. बेल्ट जुना झाला, किंवा चुकीच्या प्रतीचं ऑइल घातलं, की त्याचे तुकडे जाळीत अडकतात आणि दाब पडतो. अमेरिकेत फोर्डने डिसेंबर २०२३ मध्ये १.० लिटर इंजिनाच्या सुमारे १ लाख ४० हजार फोकस आणि इकोस्पोर्ट ऑइल पंपाच्या बेल्टसाठी परत बोलावल्या. कंपनीने भारतातलं उत्पादन थांबवायचं २०२१ मध्ये जाहीर केलं, पण या गाड्या सेकंड हँड बाजारात फिरताहेत. घेणाऱ्याने आधी चेंबर उतरवून जाळी बघावी.

इंजिन बांधून झाल्यावर एक गोष्ट आग्रहाने करून घ्या. ऑइलच्या दिव्याचा स्विच काढून त्या जागी साधा काट्याचा प्रेशर गेज लावायचा, इंजिन पूर्ण गरम करायचं आणि दाब बघायचा. गरम इंजिनावर, स्लोला (ॲक्सिलरेटर न दाबता) एक बारच्या आसपास आणि दोन-तीन हजार आरपीएमला तीन-चार बार हा ढोबळ अंदाज. नेमका आकडा त्या इंजिनाच्या मॅन्युअलात असतो. तो आकडा जॉब कार्डवर लिहून घ्या. डॅशबोर्डवरचा लाल दिवा साधारण अर्ध्या बारच्या खाली गेल्यावरच लागतो. म्हणजे दिवा नाही याचा अर्थ दाब पुरेसा आहे असा होत नाही, आणि दिवा लागला याचा अर्थ "पुढच्या पंपापर्यंत जाऊ" असा तर मुळीच होत नाही. चावी बंद, गाडी कडेला.

"घट्ट ऑइल घाला, आवाज जाईल," हा सल्ला कुठेही मिळेल. आवाज जातो खरा, काही दिवस. गाडी विकायची असेल त्याच्या कामाचा सल्ला आहे तो.

हेड गॅसकेट बदललं तरी गाडी गरमच होते

कोकणातून आंबा घाट, गगनबावड्याचा करूळ घाट, फोंडा घाट चढून वर येणाऱ्या गाड्या मे महिन्यात आम्हाला भरपूर काम देतात. एसी चालू, पाच माणसं, वर सामान, तिसऱ्या गिअरमध्ये रडत चढणारी गाडी. घाट कारण नसतो. सपाटीवर झाकून राहिलेलं दुखणं घाटात उघडं पडतं एवढंच.

गॅसकेट (हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग) दुसऱ्यांदा उडालं असेल तर पहिला प्रश्न मशिन शॉपचा: हेड तपासलं होतं का? म्हणजे हेडच्या खालच्या पृष्ठावर सरळ पट्टी उभी धरून, लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर, खालून फीलर गेजची (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांची) पाती सरकवायची. बऱ्याच छोट्या इंजिनांना ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त वाक चालत नाही. पातळ पाती सुळकन गेली की हेड प्लेन करायला हवं. हे ऐकून पुष्कळांना वाटतं की प्लेन केलं म्हणजे संपलं. तसं नाही.

ॲल्युमिनियमचं हेड तापतं तेव्हा ते कमानीसारखं वाकतं, म्हणजे खालचा पृष्ठ वाकतो तसा वरचाही वाकतो. वर कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) ज्या घरांत फिरते त्या घरांची ओळही वाकडी होते. आम्ही खालून घासून सपाट केलं तरी वरची ओळ तशीच राहते. अशा हेडमध्ये कॅम आवळून बसते, तापते, आणि एक दिवस जाम होते किंवा तुटते. मग टायमिंगही जातं. तपासायची पद्धत सोपी आहे: व्हॉल्व्ह न बसवता नुसती कॅम ठेवून कॅप ठरलेल्या टॉर्कने कसायच्या आणि कॅम हाताने फिरवून बघायची. लोण्यात सुरी फिरावी तशी फिरली पाहिजे. अडखळली तर ते हेड बदलायचं. हेड नवीन घ्या हे सांगताना मलाही जीवावर येतं, कारण आमचं काम जातं, पण वाकड्या ओळीवर आमचा पंच मारून पाठवण्यात अर्थ नाही.

डिझेलच्या हेडला आणखी एक अडचण. काही कंपन्या प्लेन करायला मनाईच करतात, कारण व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात. शिवाय बऱ्याच डिझेल इंजिनांच्या गॅसकेटला कडेला भोकं किंवा खाचा असतात. एक, दोन, तीन. ती जाडीची खूण असते. पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो ते मोजून तेवढ्या जाडीचं गॅसकेट घ्यायचं असतं. दुकानात होतं ते आणलं, असं झालं की एकतर कॉम्प्रेशन बिघडतं नाहीतर पिस्टन वर ठोकायला लागतो. जुन्या गॅसकेटचा तो कोपरा कापून ठेवा, नवीन घेताना जुळवा.

हेडचे बोल्ट. आजच्या बहुतेक इंजिनांचे बोल्ट कसताना मुद्दाम ताणले जातात आणि एकदाच वापरायचे असतात. जुनेच बोल्ट पुन्हा कसले तर टॉर्क रेंचवर आकडा बरोबर दिसतो, पकड मात्र कमी. नव्या संचाचा खर्च हेडच्या मानाने काहीच नाही. आणि ब्लॉकमधल्या बोल्टच्या भोकांत कूलंट किंवा ऑइल साचलेलं असेल तर ते हवेने काढूनच बोल्ट कसायचा. खाली द्रव अडकला तर ब्लॉकला तडा जातो.

हे झालं बसवण्याचं. पण गाडी मुळात गरम का झाली होती? इथे बहुतेकांचं उत्तर "कूलंट संपलं होतं" असतं. कूलंट आपोआप संपत नाही. बंद चक्र आहे ते, वर्षात जरासं कमी होणं वेगळं, दर महिन्याला अर्धा लिटर टाकावं लागणं वेगळं. बाहेर थेंब दिसत नसेल तर पाहायच्या जागा अशा: वॉटर पंपाच्या खालच्या बारीक भोकाभोवती वाळलेला पांढरा-गुलाबी डाग, हीटरच्या बाजूने पुढच्या सीटखालचं ओलं कार्पेट, रेडिएटरच्या प्लास्टिकच्या टाकीचा जोड. रेडिएटरच्या झाकणाची स्प्रिंग ढिली झाली तरी कूलंट जातं. झाकण साधारण एक बार दाब धरतं म्हणून आतलं पाणी १०० अंशांना उकळत नाही, सव्वाशेच्या जवळपास टिकतं. झाकण दोन-तीनशे रुपयांचं असतं आणि मी पाहिलेल्या बऱ्याच जॉब कार्डांवर त्याचं नावही नसतं.

आपल्याकडे बोअरवेलचं पाणी घालायची सवय फार. त्या पाण्यातले क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतात. गरम इंजिनावर, पंखा बंद असताना, रेडिएटरच्या जाळीवरून सावकाश हात न्या, थोड्या अंतरावरून. मधेच गार पट्टा लागला तर तिथल्या नळ्या बंद आहेत. हा रेडिएटर तसाच ठेवून नवीन गॅसकेट घातलं असेल तर ते उडणारच होतं. पंखाही बघा: एसी लावला की फिरतो हे पुरेसं नाही, बऱ्याच गाड्यांत त्याला दोन वेग असतात आणि जोराचा वेग रिले किंवा रेझिस्टर गेल्याने बंद असतो. थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवणारा व्हॉल्व्ह) काढून टाकलेला असेल तर तो परत बसवा. "आपल्या हवेत लागत नाही" हे चुकीचं आहे. तो नसेल तर इंजिन थंडच राहतं, जास्त पेट्रोल पितं, आणि खरा दोष मात्र झाकला जातो.

गॅसकेट पुन्हा गेलंय की नाही हे हेड न उतरवताही कळतं. सकाळी थंड इंजिन चालू करा आणि वरचा मोठा होज पाइप हातात धरा. पहिल्या मिनिटभरात, पाणी अजून थंड असताना, पाइप टणक होत असेल तर सिलिंडरमधला गॅस कूलंटमध्ये जातोय. खात्रीसाठी गॅरेजमध्ये निळ्या द्रवाची चाचणी करून मागा: टाकीच्या तोंडावर नळी लावून आतली हवा त्या द्रवातून खेचतात, जळालेला वायू असेल तर पेट्रोल गाडीत निळा रंग पिवळा होतो. ही चाचणी स्वस्त आहे. हेड उतरवणं नाही.

बऱ्याच नव्या छोट्या गाड्यांत तापमानाचा काटाच नसतो, फक्त लाल दिवा असतो. आणि कूलंट फारच कमी झालं की सेन्सर पाण्यात न राहता वाफेत राहतो, त्यामुळे दिवा लागायला उशीर होतो किंवा काटा उलट खाली येतो. घाटात हीटर चालू करून बघा. गरम हवा येता येता अचानक गार यायला लागली तर पाणी संपलंय, काटा काहीही सांगो. थांबा, बॉनेट उघडा, रेडिएटरच्या झाकणाला मात्र तासभर हात लावू नका.

पुराच्या पाण्यातून गेलेली गाडी

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१. पंचगंगेने राजाराम बंधाऱ्याची ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली, शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला, आणि पुढचे कित्येक महिने आमच्याकडे वाकलेले रॉड येत होते.

पार्किंगमध्ये उभी असताना बुडालेली गाडी आणि पाण्यातून हाकलेली गाडी, यांत फार फरक आहे. उभ्या गाडीच्या सिलिंडरमध्ये पाणी गेलं तरी पिस्टन हलत नव्हते. सेल्फ न मारता, प्लग किंवा इंजेक्टर काढून पाणी काढलं, ऑइल दोन-तीनदा बदललं, तर इंजिन वाचतं. चालत्या इंजिनाने पाणी ओढलं की गोष्ट वेगळी. पाणी दाबलं जात नाही, पिस्टन वर जाऊ शकत नाही, मधला रॉड वाकतो.

पुन्हा बिघाड होतो तो इथे. रॉड पूर्ण वाकला तर इंजिन तिथेच मरतं. दोन-तीन मिलिमीटर वाकला तर पाणी काढल्यावर गाडी चालू होते, थोडी थरथरते, गॅरेज म्हणतं "ठीक आहे". काही महिन्यांनी तो रॉड थकून तुटतो आणि ब्लॉक फोडून बाहेर येतो. तोपर्यंत विम्याचा दावाही मिटलेला असतो.

म्हणून पाणी ओढलेल्या इंजिनात प्रत्येक पिस्टन वर किती येतो ते मोजायचं. प्लगच्या किंवा इंजेक्टरच्या भोकातून सळई आणि डायल लावून हेड न काढताही जमतं. एक पिस्टन इतरांपेक्षा खाली थांबत असेल तर रॉड वाकलाय. हेड काढलं असेल तर सिलिंडरच्या भिंतीकडे बघा: वरच्या कडेला कार्बनची काळी रेघ असते. ज्या सिलिंडरमध्ये ती रेघ इतरांपेक्षा रुंद आणि खालपर्यंत उतरलेली असेल तिथला पिस्टन पूर्ण वर येत नाही.

विम्याचं थोडक्यात. नेहमीच्या मोटार पॉलिसीत यांत्रिक बिघाड आणि परिणामी नुकसान वगळलेलं असतं. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सेल्फ मारून इंजिन मोडलं, तर कंपनी त्यालाच परिणामी नुकसान म्हणते. इंजिन संरक्षणाचं जादा कव्हर असेल तर मिळू शकतं, पण त्याच्याही अटी असतात. सर्व्हेअर येऊन जाण्याआधी इंजिन उघडू देऊ नका. दावा नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, महिनाभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपाल. त्यांची कार्यालयं मुंबईत आणि पुण्यात आहेत आणि तक्रारीला फी नाही.

टायमिंग

यावर फार लिहीत नाही. जुन्या सँट्रोचं १.१, मारुती ८०० आणि अल्टो ८००, डस्टरचं १.५ डिझेल यांत बेल्ट आहे, स्विफ्टचं १.३ डिझेल आणि मारुतीची के-सिरीज पेट्रोल इंजिनं यांत चेन. बेल्ट किलोमीटरवर बदलायचा असतो आणि वर्षांवरही, उभ्या गाडीचा रबरही म्हातारा होतोच. पुन्हा तुटला असेल तर जवळजवळ नक्कीच फक्त बेल्ट बदलला होता. टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा भाग), आयडलर पुली (बेल्टला वाट देणारी चकती) आणि त्याच बेल्टवर फिरणारा वॉटर पंप जुनाच होता. किंवा कॅमचं ऑइल सील गळत होतं आणि बेल्ट ऑइलने भिजत होता. चेनवाल्या गाडीत सकाळी चालू करताना पहिले काही सेकंद खरखर येत असेल तर ऑइल उशिरा बदलल्याने चेन आणि टेन्शनर झिजलेत. व्हॉल्व्ह वाकले असतील तर व्हॉल्व्हच्या गाइडलाही तडा आहे का ते बघायला सांगा.

दुसऱ्यांदा गेलं तर उघडण्याआधी

गाडी त्याच गॅरेजमध्ये टोचन करून नेली आणि त्यांनी तुमच्या माघारी उघडली, तर नंतर काहीही सिद्ध होत नाही. आधी लेखी कळवा, व्हॉट्सॲपवर तरी: कोणत्या तारखेला, किती किलोमीटरवर, काय झालं, आणि इंजिन दोघांसमोर उघडायचं आहे. शक्य असेल तर दुसरा जाणकार माणूस बरोबर न्या. पहिल्या कामाचं बिल सुट्या भागांच्या नंबरांसह आणि मशिन शॉपचं बिल वेगळं मागा. आमच्या बिलावर क्रँक किती अंडरसाइज (घासून बारीक) केली, ०.२५ की ०.५० मिलिमीटर, हेड किती प्लेन केलं हे लिहिलेलं असतं. ते गॅरेजच्या "मशिनिंग लमसम" या एका ओळीत गायब होतं. जुने भाग गाडीच्या डिकीत परत घ्या; ते तुमचेच आहेत.

काही इंजिनांच्या कनेक्टिंग रॉडची कॅप तोडून वेगळी केलेली असते, कापून नाही. तिचा जोड दगड फुटल्यासारखा खडबडीत असतो आणि प्रत्येक कॅप फक्त तिच्याच रॉडवर बसते. दोन कॅपांची अदलाबदल झाली की नवं बेअरिंग टिकत नाही. कॅपवर आणि रॉडवर नंबर आहेत का, ते जुळतात का, एवढं पाहिलं तरी भांडणाचा निम्मा निकाल लागतो. गॅरेज ऐकतच नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि मग जिल्हा ग्राहक आयोग.

इंजिन बांधण्याऐवजी कुर्ल्याच्या बाजारातून जुनं इंजिन आणून बसवायचा पर्याय गॅरेज पुढे करेल. कधी तो खरंच स्वस्त आणि चांगला पडतो. पण इंजिन नंबर बदलतो, आरटीओत त्याची नोंद आरसीवर करून घ्यावी लागते, आणि त्यासाठी त्या इंजिनाचं बिल आणि मूळ गाडीची कागदपत्रं लागतात. "कागद नंतर देतो" म्हणणाऱ्याकडून इंजिन घेऊ नका. अपघात झाला की विमा कंपनी सगळ्यात आधी नंबर बघते. आणलेल्या इंजिनाचा चेंबर उतरवून जाळी आणि एखादी बेअरिंग कॅप उघडून पाहिल्याशिवाय ते गाडीत चढवू देऊ नका.

बांधलेल्या इंजिनाचं पहिलं ऑइल पाचशे ते हजार किलोमीटरच्या आत बदला, पॅकवर काहीही लिहिलेलं असो. काढलेला फिल्टर फेकू न देता कापायला सांगा; कडेने हॅकसॉ लावला तर लोखंडाचा कीस कागदावर पडतो, म्हणून पत्रा कापायच्या कटरने. आतला घडीचा कागद पसरून उन्हात धरा. चार-दोन बारीक ठिपके चालतात, नव्या रिंगांचे असतात. चमचमती पूड दिसली तर गाडी गॅरेजमध्येच ठेवा आणि चेंबर उतरवायला लावा. एका दुपारचं काम आहे, आणि क्रँक अजून वाचवता येते.